गावातल्या लोकांकडून रानभाज्या आणि औषधी झाडपाला शिकायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न एका शिक्षिका ताईंचा आहे. त्यांची मुरबाडच्या पुढे एका ठाकरवाडीजवळच्या शाळेवर बदली झालीये, पावसाळ्यात मुलं घरून अशा भाज्या आणतात ज्या त्यांनी कधी बघितल्यासुद्धा नाहीत, गावातल्या आज्या ताप-खोकल्याला काहीबाही पाला देतात, हे सगळं शिकावं असं त्यांना मनापासून वाटतंय. कुठलं ॲप चांगलं, कुठलं पुस्तक घेऊ, कुठे कोर्स असतो का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी बॉटनी शिकलेली आहे आणि कर्जत-मुरबाड पट्ट्यात ठाकर आणि कातकरी बायकांबरोबर वनस्पतींच्या नोंदी करायचं काम बरीच वर्षं करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी थोडक्यात उत्तर: ॲप आणि पुस्तक नंतर, आधी एक बाई शोधा जी स्वतः रानात जाऊन भाजी आणते आणि स्वतः रांधते, आणि तिच्यामागे वर्षभर मोजक्या झाडांचा पाठपुरावा करा. तुमच्यासारखे बरेच लोक पहिल्याच वर्षी पन्नास नावांची यादी करतात आणि पुढच्या पावसात त्यातली पाच पण ओळखू येत नाहीत. पाच-सहा झाडं घ्या पण ती कोंबापासून बीपर्यंत बघा.

याचं कारण साधं आहे. आपण रानभाजी खातो ती कोवळी असताना, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर चार बोटं वर आलेली, आणि तेव्हा तिला ना फूल असतं ना फळ. पुस्तकातले फोटो मात्र फुलांचे असतात, ॲपला शिकवलेले फोटोही बहुतेक फुलांचेच, त्यामुळे गूगल लेन्सला जूनमधला कोंब दाखवलात तर ते काहीतरी भलतंच नाव अगदी ठामपणे सांगतं. आयनॅचरलिस्ट हे ॲप त्यातल्या त्यात बरं, कारण तिथे माणसं नाव तपासतात, पण तिथेही नुसत्या कोवळ्या पानावर जाणकार माणूस नाव द्यायला कचरतो आणि ते बरोबरच आहे. मग करायचं काय, तर उलटं चालायचं. श्रावण-भाद्रपदात झाड फुलावर येतं तेव्हा त्याची पक्की ओळख करून घ्या, जागा लक्षात ठेवा, जवळच्या दगडाला खूण करा, आणि पुढच्या मृगात त्याच जागी जाऊन तेच झाड कोंब असताना कसं दिसतं ते बघा. गावातल्या बायकांना कोंब ओळखता येतो कारण लहानपणापासून त्या ठरलेल्या जागीच जातात, आईबरोबर गेलेल्या असतात. त्यांना विचारलं कसं ओळखलंत तर त्या म्हणतात "दिसतंय की", आणि त्यांना खरंच तसं दिसतं. आपल्याला ते दिसायला एक पूर्ण वर्ष द्यावं लागतं.

एक उदाहरण नीट बघू. टाकळा. सगळ्यात सोपी, सगळीकडे उगवणारी भाजी, विदर्भात तरोटा म्हणतात, शास्त्रीय नाव सेन्ना टोरा. त्याचाच भाऊबंद कासविंदा, सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस, तोही रस्त्याकडेला, उकिरड्याशेजारी त्याच वेळी उगवतो आणि फूलही तसंच पिवळं. दोन्हींचं एकेक पान तोडून हातात शेजारी शेजारी धरा. टाकळ्याच्या पानात छोट्या पानांच्या शक्यतो तीनच जोड्या असतात, आणि प्रत्येक पान टोकाकडे रुंद आणि गोल होत जातं. कासविंद्यात चार-पाच जोड्या, आणि पान टोकाला निमुळतं, अणकुचीदार. आता देठ बघा. कासविंद्याच्या देठाच्या अगदी बुडाशी एक बारीक गोल गाठ असते, डोळ्यांनी दिसते, नखाला लागते. टाकळ्यात ती बुडाशी नसते, खालच्या जोड्यांच्या मधे बारीक दांडीसारखी असते. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात हेही मुलांना दाखवा, त्यांना ते फार आवडतं. शेंगा आल्या की तर प्रश्नच नाही, टाकळ्याची शेंग लांब, बारीक, वाकलेली आणि कासविंद्याची चपटी, कडेला फिकट पट्टी असलेली.

हे एवढं बारीक का सांगतेय, तर पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक वर्षं थंडीच्या सुमाराला लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावायची आणि सगळे मेंदूज्वर समजायचे. 2007 च्या आसपास तिथल्या डॉक्टरांनी शोधून काढलं की मुलं खेळताना कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती, त्याने लिव्हर, स्नायू आणि मेंदू तिन्हीवर परिणाम होत होता. आपल्याकडे कासविंद्याचा पाला काही ठिकाणी औषधात वापरतात, त्यावर मी काही म्हणत नाही, पण शाळेच्या आवारात कासविंदा असेल तर शेंगा धरायच्या आधी उपटून टाका. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हे आवर्जून लिहिलं. मोगली एरंड पण, म्हणजे कुंपणाला लावतात तो. त्याच्या बिया गोडसर लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाब होऊन अख्खा वर्ग दवाखान्यात न्यायची वेळ येते, महाराष्ट्रात अशा घटना होत असतात.

ओळख झाली म्हणजे काम झालं असं मात्र नाही, उलट माझ्या मते ओळख हा त्यातला छोटा भाग आहे. मोठा भाग चुलीपाशी आहे. शेवळं घ्या. मृगाच्या आगेमागे, पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीतून कणसासारखा लालसर-जांभळट कोंब वर येतो, सुरणाच्या कुळातला. ठाणे, कल्याण, दादरच्या मंडईत बायका जुड्या घेऊन बसतात. बघितलंत तर शेवळाच्या जुडीबरोबर त्या हिरवी बोराएवढी आंबट फळं पण देतात, ती काकडं, म्हणजे काकड नावाच्या झाडाची फळं. शहरातलं गिऱ्हाईक म्हणतं काकडं नकोत, नुसती शेवळं द्या. आणि मग घरी जाऊन घसा धरतो.

शेवळात, अळूत, सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात, त्यालाच आपण खाजणं म्हणतो. म्हणून शेवळं साफ करताना वरची पानं सोलून आतला पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, तेलात चांगलं परतायचं, आणि काकडं वाटून त्याचं पाणी किंवा चिंच नाहीतर कोकम घालून शिजवायचं. कोणी वाल घालतं, कोणी डाळ, मांसाहारी घरांत कोलंबी किंवा खिमा घालतात आणि ती भाजी फार सुंदर होते. हे सगळं मी इथे लिहिलं तरी पिवळा भाग नेमका कुठून सुरू होतो आणि किती परतलं म्हणजे पुरे हे तुम्हाला मावशीच्या शेजारी पाटावर बसल्याशिवाय कळणार नाही. फोडशीचं तसंच, तिच्या पात्याच्या बुडाकडचा पांढरा भाग चिरून आतली कडक काडी काढायची असते. भारंगीचा पाला उकडून, पाणी पिळून टाकून मग करायचा, नाहीतर कडू जहर. कडूकंदाच्या तर चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकळून, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवतात आणि मगच खातात. कोणत्या कंदाला हे करायचं आणि कोणत्याला नुसतं उकडलं तरी चालतं, हा फरक पिढ्यानपिढ्या लोकांनी जिवावर उदार होऊन शोधलाय. कंद अजिबात स्वतःच्या मनाने खणून खाऊ नका. कळलावीचा कंदही तसाच जमिनीत सापडतो आणि त्यात कोल्चिसिन असतं, माणूस मरतो. कळलावीचं पान बघून ठेवा, त्याचं टोक वेलाच्या ताण्यासारखं वळलेलं असतं, आणि श्रावणात लाल-पिवळं ज्वाळेसारखं फूल येतं.

अळंब्यांबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगते, पहिली काही वर्षं अळंबी हा विषयच बंद ठेवा. वारुळावरची अळंबी गावातल्या माणसाने आणली, त्याच्या घरात शिजली, सगळ्यांनी खाल्ली तर तुम्हीही खा. स्वतः तोडून नाही.

आता शिकायचं कोणाकडून. लोक सहसा गावातल्या वैदूला किंवा भगताला गाठतात कारण तो नावाजलेला असतो. माझा अनुभव असा की खाण्याच्या वनस्पतींचं सगळ्यात पक्कं ज्ञान पन्नाशी-साठीच्या बायकांकडे असतं, त्यातही ज्या बाजारात बसून विकतात त्यांच्याकडे, कारण त्यांना रोज ओळखावं लागतं आणि गिऱ्हाइकाला कशी करायची ते सांगावंही लागतं. गुराखी पोरांना विसरू नका, फळं त्यांनाच माहीत. तोरणं कुठे पिकलीत, कुठल्या जाळीची करवंदं गोड, आळूची फळं कुठल्या डोंगराला आहेत, हे तुमच्या वर्गातली पाचवीतली मुलं तुम्हाला सांगतील.

वेळेचं भान मात्र ठेवा. जून-जुलै हा रानभाजीचा हंगाम आणि तोच भातलावणीचा. बाई दिवसभर चिखलात वाकून आलेली असते, तिला संध्याकाळी "मावशी जरा सांगा ना" म्हणून वही काढून बसवू नये. ती सकाळी भाजीला निघेल तेव्हा तिच्यामागे जा, पाटी उचला, तोडायला मदत करा, बोलणं आपोआप होतं. आणि दिवस मोडून ती तुम्हाला फिरवत असेल तर त्या दिवसाची मजुरी द्या, मी हे अगदी आग्रहाने सांगते. साडी, डबा, मिठाई हे सगळं ठीक आहे पण मजुरी ती मजुरी. शहरातून आलेला फोटोग्राफर, संशोधक, हॉटेलवाला सगळे येऊन विचारून जातात आणि तिच्या हातात काही पडत नाही, हे मी फार बघितलंय आणि मला त्याचा राग येतो. केरळात अगस्त्यमलै डोंगरातल्या कानी आदिवासींनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा नावाची वनस्पती दाखवली, रानात चालताना थकवा येऊ नये म्हणून ते तिची फळं खायचे. तिच्यापासून पुढे जीवनी नावाचं औषध निघालं तेव्हा तिथल्या संशोधन संस्थेने लायसन्स फी आणि रॉयल्टीतला अर्धा वाटा कानींसाठी ठेवला, त्यासाठी 1997 मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला. त्यातही पुढे अडचणी आल्या, पण ज्ञान ज्याचं त्याचा हिस्सा हे तत्त्व निदान मान्य झालं. आपण शाळेच्या पातळीवर निदान नोंदवहीत सांगणाऱ्या बाईचं नाव तिला विचारून लिहू शकतो.

नावांची एक कटकट आहे. मुरबाडला जिला एक नाव तिला माळशेज चढून जुन्नरला गेलात की दुसरं, आणि कधीकधी एकच नाव दोन वेगळ्या झाडांना. म्हणून वहीत गावातलं नाव, वाडीचं नाव, तारीख, कोणता भाग खातात, कसा करतात, आणि पक्कं कळलं की शास्त्रीय नाव, एवढं लिहायचं. पक्कं नाव हवं असेल तर फुलाफळासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि जवळच्या कॉलेजच्या बॉटनी विभागात न्या. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात बॉटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं ऑफिस आणि आघारकर संस्था आहे, तिथे वाळवून ठेवलेले नमुने बघता येण्यासारखे आहेत, आधी पत्र किंवा ईमेल करून जा.

औषधांबद्दल आता. तुमचा अर्धा प्रश्न त्यावरच होता, पण मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलाय कारण शिकण्याचा क्रमही तसाच असावा असं मला वाटतं, आधी ताटातलं, मग औषधातलं. भाजी चुकली तर बहुतेक वेळा घसा खाजतो किंवा पोट बिघडतं, औषध चुकलं तर प्रकरण वेगळं होतं. शिवाय बऱ्याच जाणकारांची श्रद्धा असते की औषधाचं झाड दुसऱ्याला सांगितलं की हाताचा गुण जातो. ते सांगत नसतील तर खोदून विचारू नका. काही जण वर्षानुवर्षं ओळख झाल्यावर आपणहून सांगतात, काही फक्त मुलाला किंवा शिष्याला सांगतात, तो त्यांचा अधिकार आहे. अडुळसा, निर्गुंडी, गवती चहा, तुळस, भारंगी अशी घराघरात चालणारी झाडं आधी शिका, तेवढ्यात दोन-तीन वर्षं जातील.

आणि "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. कोविडच्या काळात गुळवेलाचा काढा घरोघरी सुरू झाला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं शोधनिबंधात मांडलं, त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की ती खरी गुळवेल होती का हेच नीट तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. वाद ज्याचा त्याने करावा, पण घरात गुळवेल म्हणून जो वेल आणतोय तो नेमका कोणता हे आपल्याला माहीत असायला नको का? त्या दुसऱ्या वेलाच्या खोडावर फोडांसारखे ठळक उंचवटे असतात, आपल्या गुळवेलीचं खोड त्या मानाने गुळगुळीत, वरून कागदासारखी पातळ साल सुटते. आणि ओळख पटली तरी आधीच लिव्हरचा त्रास असलेल्या माणसाने, गरोदर बाईने, रोजच्या गोळ्या चालू असलेल्या कोणीही डॉक्टरला विचारल्याशिवाय काढे पिऊ नयेत. किडनी स्टोनवाल्यांनी ऑक्झलेटवाल्या भाज्यांबाबतही जपून.

साप चावला तर झाडपाला अजिबात नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, जागा दुखत नाही, सूज नाही, घरचे सकाळपर्यंत पाला लावत बसतात आणि तेवढ्यात श्वास बंद पडतो. 108 ला फोन करायचा आणि सरळ सरकारी दवाखाना. आणि कोणी काही चुकीचं खाल्लं असेल तर त्या झाडाची फांदी, बी, जे सापडेल ते पेशंटबरोबर न्यायचं.

तोडण्याबद्दल दोन गोष्टी. पालेभाजी शेंडा खुडून घ्या, झाड उपटू नका, खुडली की ती उलट फुटते. कंद आणि मुळं घेतली की ते झाडच संपतं, सफेद मुसळी आपल्या रानातून अशीच कमी झाली. साल काढायची असेल तर जाणकार एकाच बाजूची थोडी पट्टी काढतात, गोल फिरवून साल काढली की झाड वाळलंच. नरक्याचं तुम्ही ऐकलं असेल, त्यातून कॅन्सरच्या औषधासाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन मिळतं, सह्याद्रीत त्याची अख्खी झाडं तोडून चोरून नेली गेली. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर काहीही तोडू नका. तुम्ही ज्यांच्याबरोबर रानात जाताय ते लोक मात्र तिथे पाहुणे नाहीत, 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांचा गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानात मिळणाऱ्या पाला-फळं-कंदांसारख्या गोष्टींवर, हक्क आहे, तुमचा-माझा नाही. हा फरक लक्षात ठेवूनच पाटी भरा.

आणि जागा बघून घ्या. बांधावर आता सर्रास तणनाशक मारतात, टाकळा-कुर्डू दिसायला हिरवा असतो आणि कालच फवारलेलं असतं. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावरचं काहीही घेऊ नका, हायवेच्या कडेचं तर नकोच. जुन्या मावशी आता भाजीला लांब वर जातात त्याचं एक मोठं कारण हे फवारे आहेत.

शाळेसाठी एक सुचवते. जैवविविधता कायदा 2002 चा, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती एजन्सीने ऑफिसात बसून भरलेली असते, दुसऱ्या गावाची यादी कॉपी केलेली. ग्रामसेवकांकडे मागून बघा. मुलांना घेऊन ती खरी करता येईल, प्रत्येक मुलाने घरात या आठवड्यात कोणती रानातली भाजी झाली, कोणी आणली, कुठून आणली, एवढंच लिहायचं. वर्षभरात तुमच्या हातात त्या वाडीचं खरं कॅलेंडर येईल, मार्चातल्या मोहाच्या फुलांपासून श्रावणातल्या करटुल्यांपर्यंत आणि चाईच्या बारापर्यंत, म्हणजे चाईच्या वेलाच्या फुलोऱ्यापर्यंत. 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव असतात, तिथे मुलांना आणि त्यांच्या आयांना घेऊन जा, आणि स्टॉलवर बोलायला आयांना पुढे करा, तुम्ही मागे थांबा.

पहिल्या वर्षासाठी माझी निवड सांगते: टाकळा, कुर्डू, शेवळं, कवळा, करटुली आणि भारंगी. कवळ्याला हात लावला की पानं मिटतात, ही त्याची एक खूण, करटुलीचा वेल एकदा पाहिला की दरवर्षी कंदातून त्याच जागी येतो, टाकळा, शेवळं आणि भारंगीचं वर लिहिलंच आहे. या सहांवर वर्ष काढा. आठवडी बाजारात सकाळी लवकर जा, भारे सुटायच्या वेळेला, गर्दी व्हायच्या आत. एकाच मावशीकडून दर आठवड्याला घ्या, भाव करू नका, आणि पुढच्या वेळी गेलात की भाजी कशी झाली ते तिला सांगा. साधारण तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती स्वतःच म्हणेल, ताई, एकदा घरी या, करून दाखवते.